यंदा फोटो कोण काढणार

माणसाला एखादा छंद असावा, असं म्हणणाऱ्यांना धरून आणावं आणि छायाचित्र मंडळाच्या शनिवारच्या बैठकीत दोन तास बसवावं, असं चिटणीसबाईंना फार वाटायचं. नंतर विचारावं, असावा का छंद? त्या हॉस्पिटलात एक्स-रे काढायच्या. तिथे माणूस मोडका हात घेऊन येतो, सांगितलं तसा उभा राहतो, श्वास धरा म्हटलं की धरतो, सोडा म्हटलं की सोडतो. मंडळातली माणसं धडधाकट होती, पण सांगितल्या जागी उभं राहायला एकही तयार नसे.

मंडळ जुनं होतं. किती जुनं, यावरही दोन मतं होती आणि दोन्ही मतांचे लोक बैठकीला हजर असत. एक साबणवाला, एक शाळामास्तर आणि औषधाच्या दुकानातला एक कंपाउंडर अशा तिघांनी ते काढलं, तेव्हा तिघांत मिळून एकच कॅमेरा होता. आता माणशी तीन कॅमेरे होते आणि फोटो मात्र तेच. छापखान्यावरच्या दोन खोल्या ही मंडळाची जागा. खाली यंत्र सुरू झालं की वर भिंतीवरच्या फ्रेमा तिरक्या होत, त्यामुळे आल्या आल्या सगळ्या सरळ करणं हे बैठकीचं पहिलं काम. त्यातही सरळ म्हणजे नक्की किती, यावर काथ्याकूट होई.

मग पाहणी. एकाचा फोटो स्टँडवर लावायचा, ज्याचा असेल त्याने तोंडाला कुलूप घालायचं आणि बाकीच्यांनी त्याची चिरफाड करायची, ही संस्थापकांपासूनची रीत. रविवारी सहल असली की सगळे एकाच होडीचे फोटो काढून येत आणि पुढच्या शनिवारी एकमेकांना होडी कशी चुकली ते समजावून सांगत. अध्यक्ष दंतवैद्य होते. आपल्या दवाखान्यात लोकांना तोंड उघडायला सांगून सांगून ते थकलेले असत, इथे लोकांना तोंड मिटा म्हणायची त्यांच्यात ताकद उरत नसे. सगळा कारभार चिटणीसबाईंच्या डोक्यावर होता.

हे सगळं त्यांनी सोसलं असतं. पण वर्षातून एकदा मंडळाचा सामुदायिक फोटो निघे आणि त्या दिवशी त्यांच्या नाकी नऊ येत.

फोटो मागच्या अंगणात, विटांच्या भिंतीसमोरच्या पायऱ्यांवर निघे. संस्थापकांच्या लाकडी कॅमेऱ्यानेच तो काढायचा, काळ्या कापडात डोकं घालून, रबरी फुगा दाबून. आपोआप फोटो निघण्याची सोय कॅमेऱ्यांत आली तेव्हा मंडळाने ती एकमताने धुडकावली. मंडळात एकमताने झालेली ती बहुधा एवढीच गोष्ट. फोटो माणसाने काढायचा, आणि जो काढेल त्याच्यासाठी पुढच्या रांगेत मधोमध एक खुर्ची रिकामी सोडायची. भिंतीवर असे फोटो ओळीने लागले होते आणि प्रत्येकात एक खुर्ची रिकामी होती. नवख्याला वाटे, कोणी उशिरा आलं असावं.

पूर्वी हा मान दर वर्षी नव्या माणसाला मिळे. गेली वीसेक वर्षं तो दोघांतच फिरत होता. एका वर्षी थोरले, दुसऱ्या वर्षी धाकटे. थोरले म्हणजे चिटणीसबाईंचे मोठे काका, आणि धाकटे म्हणजे त्यांचे वडील.

दोघे बोलत नव्हते. एका फोटोत यायलाही तयार नव्हते, म्हणून आलटून पालटून एक जण कॅमेऱ्यामागे जाई. मंडळाने सुरुवातीला डोळेझाक केली आणि पुढे तीच रीत होऊन बसली.

भांडण एका फोटोचं होतं. धुक्यातला नदीचा धक्का, दोराला धरून उभा असलेला माणूस, मागे अर्धीच दिसणारी नाव. त्या फोटोने मंडळाला सगळ्यात मोठं बक्षीस मिळवून दिलं आणि दोन सख्ख्या भावांना वैरी केलं. थोरल्यांनी पहाटे तिकाटणं रोवलं, कॅमेरा लावला, जागा ठरवली आणि ते चहा प्यायला गेले. मागे धाकटे होते. धुकं फाटलं, प्रकाश आला, त्यांनी कॅमेरा जरासा उजवीकडे सरकवला आणि बटण दाबलं. थोरल्यांचं म्हणणं, फोटो माझा, यानं नुसतं बटण दाबलं, ते माकडही दाबेल. धाकट्यांचं म्हणणं, मी कॅमेरा हलवला नसता तर नाव चौकटीबाहेर गेली असती आणि यांना बक्षीस मिळालं असतं नुसत्या धुक्याचं. मंडळाने मतदान घेतलं, मतं निम्मी निम्मी पडली. अध्यक्षांनी आपलं निर्णायक मत द्यायचं, तर ते दाढ दुखते म्हणून घरी गेले. स्वतः दंतवैद्य. फोटोखाली "मंडळाचा संग्रह" अशी पट्टी लागली आणि घोंगडं भिजत पडलं.

तेव्हापासून चिटणीसबाई अडकित्त्यातल्या सुपारीसारख्या मधे होत्या. "तुझ्या बापाला सांग, खिडकी लाव." "तुझ्या काकांना सांग, वारा मलाही कळतो." दोघे एका बाकावर बसलेले, मधे हातभर अंतर, आणि निरोप मात्र चिटणीसबाईंमार्फत. आईने केव्हाच हात टेकले होते. ती म्हणायची, सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, तू कशाला मधे होरपळतेस? पण लहानपणी याच काकांच्या खांद्यावर बसून चिटणीसबाईंनी पहिला फोटो काढला होता, त्यामुळे त्यांना सोडून देणं जमेना.

आणि यंदा काका चालले होते. काकू गेल्यापासून ते एकटेच राहत, गुडघ्यांनी संप पुकारला होता, दूरच्या शहरातल्या मुलाने घर विकायला लावलं. रविवारी मंडळाचा फोटो आणि सोमवारी सकाळची गाडी. तिकडून परत येणं काही होणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं. बाबा यावर एक अक्षर बोलले नाहीत. पण जेवताना ताट अर्धं ठेवून उठायला लागले, आणि रोज संध्याकाळी भिंतीकडे बघून विचारायचे, "झालं का बांधून सगळं, लोकांचं?" लोकांचं! चिटणीसबाईंना त्यांचा राग येई आणि कीवही येई. हे दोघे एकमेकांशी एक शब्द न बोलता असेच तुटणार, आणि मग बाबा उरलेलं आयुष्य भिंतीला प्रश्न विचारत बसणार, ही भीती त्यांना झोपू देत नव्हती.

म्हणून त्यांनी बैठकीत प्रस्ताव मांडला. यंदाचा फोटो तिसऱ्याच कोणीतरी काढावा आणि दोघांनीही रांगेत बसावं. एवढं म्हणायचा अवकाश, मोहोळ उठलं. थोरले म्हणाले, जाण्याआधीचा फोटो मीच काढणार. धाकटे म्हणाले, गेल्या वर्षी यांनी काढला, यंदा पाळी माझी. तिसरा कोण, यावर तर हातघाईची वेळ आली, कारण वीस वर्षं उपाशी राहिलेले सगळेच पानावर धावले. घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी म्हणाले, सगळ्यात जुना सभासद मी. दुसरा म्हणाला, तुमचा हात थरथरतो. तिसऱ्याने थरथरणाऱ्या हाताने काढलेल्या फोटोंचं सौंदर्य यावर बोलायला सुरुवात केली. शेवटी अध्यक्षांनी डोळे न उघडता तोड काढली, की दोन फोटो काढा, एक याने, एक त्याने. एक काढेल तेव्हा दुसरा मधल्या खुर्चीत बसेल. चांगला येईल तो भिंतीवर लावू.

म्हणजे खुर्चीसुद्धा आलटून पालटून. चिटणीसबाईंनी कपाळाला हात लावला आणि ठराव लिहून घेतला.

रविवारी सकाळी त्यांनी डार्करूममध्ये जाऊन होल्डर भरला. हा चपटा लाकडी डबा, त्याच्या दोन बाजूंना दोन फिल्मा बसतात आणि प्रत्येकीवर उजेड अडवणारी सरकती पट्टी असते. पट्टीची मूठ एका अंगाने पांढरी, दुसऱ्या अंगाने काळी. पांढरी बाहेर असली की फिल्म कोरी. फोटो काढून झाला की पट्टी उलटी करून घालायची, म्हणजे काळी बाहेर येते. जगभर असंच चालतं. पण हा नियम मंडळाच्या फळ्यावर थोरल्यांनी लिहिला होता, तेवढं कारण धाकट्यांना पुरलं. भांडणानंतर त्यांनी नियम उलटा केला. काळी म्हणजे आत अंधार, म्हणजे कोरी. पांढरी म्हणजे उजेड लागून गेला. दोघे कधी एकाच दिवशी कॅमेऱ्याला हात लावत नसल्याने वीस वर्षं कोणाचं बिघडलं नव्हतं. चिटणीसबाईंनी दोन्ही पट्ट्या पांढऱ्या ठेवल्या आणि दोघांना वेगवेगळं जाऊन सांगितलं की दोन्ही बाजू कोऱ्या आहेत, एकेक वापरा.

सगळ्यांना पायऱ्यांवर उभं करेपर्यंत त्यांचा घसा बसला. फोटो काढून घ्यायला फोटोग्राफरांइतकी वाईट माणसं जगात नसतील. प्रत्येक जण रांगेतून बाहेर येऊन रांग बघून जाई. ऊन टोपीवर पडतंय, नाकावर पडतंय, उंच माणसं मागे घ्या, मागे घेतलं तर भिंत दिसत नाही. थोरले खुर्चीत बसले. धाकट्यांनी कापडात डोकं घातलं, बराच वेळ खटाटोप केला, फुगा दाबला. पट्टी घातली, होल्डर काढून स्टुलावर ठेवला आणि शब्दही न बोलता खुर्चीकडे निघाले. त्याच वाटेने थोरले कॅमेऱ्याकडे येत होते. अंगण केवढंसं, तरी दोघांनी एकमेकांना असं टाळलं की मधून बैलगाडी गेली असती.

थोरले कापडात शिरले ते बाहेरच येईनात. आता हे कॅमेरा हलवणार, मग पहिल्यापासून सगळं, असं म्हणत लोक कुरकुरू लागले. पण ते बाहेर आले, स्टुलावरचा होल्डर उचलून लावला, फुगा दाबला आणि म्हणाले, "संपलं." जेवायची वेळ झाली होती, सगळे पांगले. दोघे भाऊ तेवढे घरी गेले नाहीत. वरच्या खोलीत बाकाच्या दोन टोकांना बसून राहिले, कारण कोणाचा फोटो चांगला आला हे दोघांनाही पहिल्यांदा बघायचं होतं. निदान तोंडाने तसं सांगत होते.

डार्करूम म्हणजे पूर्वीचं न्हाणीघर. चिटणीसबाईंनी होल्डर तपासला. एक मूठ काळी, एक पांढरी. थोरल्यांच्या हिशोबाने काळी म्हणजे झालेली, धाकट्यांच्या हिशोबाने पांढरी म्हणजे झालेली. आपापल्या हट्टाप्रमाणे दोघांनी काम चोख केलं होतं. त्यांनी दोन्ही फिल्मा धुवायला घातल्या.

दिवा लावला तेव्हा एक फिल्म पाण्यासारखी कोरी होती.

दुसरी त्यांनी उचलून धरली आणि पहिल्यांदा काही कळेचना. मग कळलं. बाबांनी फोटो काढला आणि सवयीने पट्टी पांढरीच ठेवली. काकांनी होल्डर उचलला, पांढरी पट्टी वर दिसली, म्हणजे कोरी बाजू, असं समजून त्याच फिल्मवर दुसरा फोटो काढला. आख्खं मंडळ एकावर एक दोनदा छापलं गेलं होतं.

त्या दार उघडून बाहेर आल्या. त्यांनी दोघांना झालं ते सांगितलं आणि आजवर कधी बोलल्या नव्हत्या असं बोलल्या.

"एक शब्द लागला असता. ही कुठली बाजू, एवढं विचारायचं होतं. दोघांपैकी कोणीही. स्टूल आणि खुर्चीच्या मधे दहा पावलं होती. वीस वर्षं मी तुमचे निरोप वाहतेय, खिडकी लाव, पंखा बंद कर. आणि आज मी रांगेत बसले होते तर तुम्हाला एवढंही जमलं नाही. काका, तुम्ही उद्या जाणार. परत फोटो कधी काढायचा? कोणाचा काढायचा?"

बोलता बोलता त्यांना रडू फुटलं आणि त्याचाही राग आला. धाकट्यांनी चपलेच्या टोकाकडे बघितलं, थोरल्यांनी छताकडे. मग थोरले म्हणाले, "झाला तसा छापून तर दाखव."

निगेटिव्ह वाळवून चिटणीसबाईंनी फोटो छापला. तिघे टेबलाभोवती उभे राहिले, ओला कागद मधे. फोटो बिघडला होता यात शंकाच नव्हती. घड्याळजींना दोन डोकी होती आणि दोन्ही वेगळीकडे बघत होती. अध्यक्षांचा एकदा डोळा मिटलेला आणि एकदा उघडा, म्हणजे ते अर्धवट जागे असल्यासारखे दिसत होते, आणि तेवढं मात्र हुबेहूब होतं. चिटणीसबाई स्वतः एकाच वेळी गप्प आणि कोणावर तरी ओरडत होत्या. मधल्या खुर्चीत दोघे भाऊ बसले होते, एकाच्या अंगात एक. एकच कपाळ, कारण कपाळ दोघांचं सारखंच. गुडघ्यांवर चार हात. चष्मा एकाचा होता पण बसला होता दोघांच्या नाकावर. तोंड कोणाचं म्हणावं ते कळत नव्हतं.

चिटणीसबाईंनी आजीचे, म्हणजे या दोघांच्या आईचे, फोटो बघितले होते. ते तोंड आजीचं होतं. दोघांनाही ते दिसलंय हे ते कागदावर वाकले त्यावरून कळत होतं.

धाकट्यांनी भिंग उचललं. आधी खुर्ची बघितली. मग खुर्चीचे पाय, मग पायरी, मग मागच्या विटा, एकेक. माणसं सगळी दुहेरी होती, कारण माणसं हलतात. पण खुर्ची एकच होती. तिची कड स्वच्छ होती, पायरीची रेघ एकच, विटांचे सांधे एकच. त्यांनी भिंग पुन्हा पहिल्यापासून फिरवलं. हात थांबेना.

"तुझ्या काकांना विचार," ते म्हणाले, "कॅमेरा जराही हलवला नाही का."

चिटणीसबाईंनी हातातलं फडकं टेबलावर ठेवलं. "मी नाही विचारणार. ते तुमच्या कोपराला कोपर लावून उभे आहेत. तुम्ही विचारा."

चिटणीसबाईंना वाटलं, संपलं, आता बाबा चपला घालून घरी जातील, आणि उद्यापासून हे असंच राहील. धाकट्यांनी भिंग खाली ठेवलं, परत उचललं.

"दादा," ते म्हणाले. "काहीच हलवलं नाहीस?"

थोरल्यांनी फोटोवरून नजर काढली नाही. "बघितलं ना बराच वेळ. इकडून बघितलं, तिकडून बघितलं." त्यांनी ओल्या कागदाची कड सरळ केली. "हलवण्यासारखं काही नव्हतं."

धाकट्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. थोरले म्हणाले, त्या धक्क्यावरच्या फोटोचं मात्र मी काही कबूल केलेलं नाही. धाकटे म्हणाले, तुला कोणी विचारलंय? मग त्यांनी विचारलं की भांडी तर बांधून झाली असतील, रात्री जेवणार कुठे, आणि थोरले म्हणाले, तू बोलावशील तर तुझ्याकडे.

चिटणीसबाई बाहेर येऊन बाकावर बसल्या. वीस वर्षं, आणि हातात राहिली एक संध्याकाळ. दोघांचीही डोकी एकमेकांवर आपटावीत असं त्यांना वाटलं, इतका त्यांना संताप आला होता आणि इतकं बरं वाटत होतं. आईला दोन पोळ्या जास्त टाकायला फोन करायचा होता, पण त्या तशाच बसून राहिल्या. आत आवाज चढला होता. खुर्चीतल्या माणसाचा डावा कान कोणाचा, यावरून जुंपली होती. त्यांना आवरायला चिटणीसबाई गेल्या नाहीत.